चिरमुऱ्यांच्या पोत्यातली हलगी

मित्रांनो, मी एक जुनी हलगी आहे, आणि हळू बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. मी तोंड उघडलं की दोन गल्ल्या पलीकडची माणसं खिडकीत येतात. आज मात्र माझी हकिकत लिहून सांगायची ठरवली आहे, तेव्हा आवाज बेतानेच ठेवीन. मधूनच चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मिरजेचा. कुतुबुद्दीनचाचांच्या छोट्याशा दुकानात ढोलकी, डफ, ताशे अशी सगळी भावंडं दोरीला टांगलेली असायची. चाचांनी माझं लोखंडी कडं घासून गुळगुळीत केलं. शेळीचं कातडं रात्रभर पाण्यात भिजवलं आणि चिंचोक्याची खळ लावून कड्यावर चारी बाजूंनी ताणून बसवलं. मग मला सावलीत ठेवलं. कुणी उन्हात ठेवायला निघालं की ते ओरडायचे, "घाई कशाला? सावकाश वाळू द्या तिला. घाईनं वाळली तर फाटंल." त्या सावलीतल्या दिवसांत मी जे शिकले, ते पुढे आयुष्यभर कामाला आलं. पण ते ओघाने सांगते.

मला न्यायला आले ते आकाराम. कुंडलजवळच्या एका वाडीत राहणारे हे गृहस्थ हलगी वाजवण्यात पटाईत होते. गावात लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणते. त्यांनी मला दुकानात वाजवून पाहिलंच नाही. नुसतं नखाने टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "आवं चाचा, ही तर आदीच बोलाय लागलीया." तेव्हापासून मी त्यांच्या खांद्याला लटकले.

काय दिवस होते ते! कुंडलच्या कुस्तीच्या मैदानात दोन पैलवान एकमेकांना भिडून नुसते उभे असले, की मी संथ बोलायची. एकाने पट काढला की माझी लय चढायची, आणि चितपट झाली की माझा आवाज आणि माणसांचा आवाज एकमेकांत मिसळून जायचा. शिराळ्याच्या नागपंचमीला, लग्नाच्या वरातींना, बैलगाड्यांच्या शर्यतींना मी होतेच. लोक म्हणायचे, आकारामची हलगी ऐकली की म्हाताऱ्याचाही पाय थरथरतो. मी थोडी शेफारले होते, हे खरं. एवढं कौतुक झालं तर तुम्हीही शेफाराल.

दर वेळी वाजवण्याआधी आबा एक काम न चुकता करायचे. उसाच्या पाचटाची लहानशी शेकोटी पेटवायची आणि मला दोन्ही हातांनी धरून तिच्यावर गोल गोल फिरवायचं. मधूनच टिचकी मारायची. आवाज भद्द आला तर पुन्हा शेक. खणखणीत आला की शेकोटी विझवायची. बघणाऱ्याला वाटायचं, थंडीवाऱ्याची शेकत असतील बिचारीला.

आता त्या शेकोटीजवळ माझ्या आत काय चालायचं, ते सांगते. तुम्ही शाळेत शिकलाच असाल की जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते आणि अणू जोडून रेणू होतात. मी त्या सगळ्यांना मिळून कण म्हणते. हे कण कधीच स्वस्थ बसत नाहीत. मी खुंटीला गप्प टांगलेली असले, तरी आत प्रत्येक कण आपल्या जागी थरथरत असतो. उष्णता म्हणून बाहेरून काही वेगळा पदार्थ माझ्यात ओतला जात नाही. शेकोटीवरच्या हवेचे कण भन्नाट वेगाने येऊन माझ्या कणांना धडका देतात, जळत्या पाचटाची धग दुरूनही येऊन त्यांना हलवते, आणि माझे कणही जास्त जोराने हलू लागतात. या हलण्यालाच तुम्ही गरम झालं म्हणता. हलणं मंदावलं की म्हणता गार पडलं. गार म्हणजे थांबलेलं असं मात्र समजू नका.

तुम्ही विचाराल, मग टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, पडल्यावरही तू हलतेसच की. हो, पण त्या हलण्यात फरक आहे. थाप पडली की माझे सगळे कण एकदम आत जातात आणि एकदम बाहेर येतात, शाळेतल्या कवायतीसारखे. तो आवाज. शेकोटीजवळ मात्र कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो. जो तो आपल्या मनाने, हव्या त्या दिशेला हिसके देत असतो, बाजाराच्या दिवशी असते तशी गर्दी. ती उष्णता. दोन्ही हालचालींची मी मालकीण आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पण इथे एक कोडं आहे. उष्णतेने वस्तू प्रसरण पावते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. माझं लोखंडी कडंसुद्धा शेकोटीजवळ अगदी किंचित फुगतं. मग कातडं सैल पडायचं सोडून घट्ट का होतं? कारण माझ्या कातड्यात पाणी लपलेलं असतं. पावसाळी हवेत पाण्याचे रेणू हळूच येऊन कातड्याच्या तंतूंमध्ये पथारी पसरतात आणि मी ढिली पडते. शेक लागला की हे पाहुणे अस्वस्थ होतात, जोरात हलू लागतात आणि एकेक करून हवेत उडून जातात. त्यांची जागा मोकळी झाली की तंतू एकमेकांजवळ सरकतात, आणि मी ताठ होते. कुतुबुद्दीनचाचांच्या सावलीत तेच तर झालं होतं, फक्त सावकाश.

असो. दिवस बदलले. आबांचा पुतण्या शिवतेज याने हलगीचा मोठा ग्रुप उभा केला. मुलगा मेहनती, मनाचा मोकळा. त्याने फायबरच्या हलग्या आणल्या. त्यांचं कातडं म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पडदा, आणि तो नटबोल्टने आवळायचा. पाऊस असो, धुकं असो, पाना फिरवला की काम झालं. त्या बिचाऱ्या वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. आबा मात्र म्हणायचे, "तिला घाम येत न्हाई न् तापबी येत न्हाई. तिच्यासंगं बोलायचं काय?" हळूहळू बोलावणी फायबरला येऊ लागली आणि मी खुंटीला गेले. माझ्या शेजारी छत्री टांगलेली असे. पावसाळ्यात तिला तरी बाहेर जायला मिळे, मला तेही नाही. माझ्या कडेला बुरशीची बारीक नक्षी उठली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अशातच श्रावणात सांगलीला हलगीची स्पर्धा जाहीर झाली. आबा म्हणाले, मी येणार आणि हिला घेऊन येणार. शिवतेजने माझ्या कडेची बुरशी बोटाने पुसून पाहिली. मग म्हणाला, "आबा, तुमाला न्हाई म्हणणार न्हाई. सुरुवात तुमीच करा. पण भर कार्यक्रमात ही ढिली पडली तर मागच्या चौघांचीबी लय जाती. ह्या खेपंला तसं झालं, तर हिथनं म्होरं सगळं फायबर. मग तुमीबी फायबर घ्यायची."

"तवा मी वाजवायचंच सोडीन," आबा शांतपणे म्हणाले. ते रागाने बोलले असते तर मला एवढी धास्ती वाटली नसती. म्हणजे आता माझ्या ताठ राहण्यावर आबांचं वाजवणं टिकून होतं.

स्पर्धेच्या दिवशी सांगलीत भुरभुर पाऊस लागून राहिला होता. आबांची मुलगी रेश्मा आमच्याबरोबर आली होती. ती पलूस भागातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. सभागृह नवंकोरं होतं, गालिचा, गुबगुबीत खुर्च्या, सगळं चकचकीत. आबांनी पिशवीतून पाचट काढलं तोच एक कार्यकर्ता धावत आला.

"काका, हिथं काडीबी वढायची न्हाई. छताला धुराचं यंत्र हाय, लगीच बोंबलतंय."

बाहेर अंगणात जावं, तर पाचट भिजलेलं आणि जमीन चिखलाची. काडीमागून काडी विझली. आबा मला टिचकी मारून बघत होते. माझ्याकडून नुसतं भद्द, भद्द.

मग शिवतेजने मला उचललं आणि पळत समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं. तिथे मोठ्या पातेल्यात पाणी रटरटत होतं आणि वाफेचे लोट उठत होते. त्याने मला त्या वाफेवर धरलं, चांगलं फिरवून फिरवून, अगदी आबांसारखं. मित्रांनो, त्याची तळमळ खरी होती. मी गरमही झाले. वाफेतले पाण्याचे रेणू भरधाव येत होते, माझ्या गार कातड्यावर चिकटून बसत होते आणि आपल्याजवळची ऊब मला देत होते. पण ऊब देऊन ते परत गेले नाहीत. माझ्या अंगातच मुक्कामाला राहिले. खांद्यावरून परत येईपर्यंत मी ओल्या पापडासारखी झाले होते.

आबांनी टिपरू टेकवलं. आवाजच आला नाही.

"आबा, हात भाजला माझा, इतकी तापिवली," शिवतेज कळवळून म्हणाला. "मग ढिली कशानं पडली?"

रेश्माने माझ्यावरून तळहात फिरवला. "शिवा, ऊब दिलीस रं तू. पर संगं पाणीबी पाजलंस. नुसतं तापून भागत न्हाई, आतलं पाणी उडून जाया पायजे. न् वाफंत ते कुठं जाणार? तितं आदीच पाण्याची गर्दी."

शिवतेजचा चेहरा उतरला. त्याने आपली फायबरची हलगी आबांसमोर धरली. "ही घ्या आबा. मी झांज वाजिवतो."

आबांनी ती हातात घेतली नाही. "माजा हात हिच्यावर बसलाय, गड्या. दुसरीवर बसायचा न्हाई. तुमी वाजवा. मी खाली बसून ऐकतो." एवढं बोलून ते मला छातीशी धरून पायरीवर बसले. त्यांचं काळीज माझ्या कातड्याला लागून धडधडत होतं. मला रडू फुटलं असतं, पण आधीच अंगात पाणी काय कमी होतं?

तेवढ्यात मागच्या बोळातून आवाज आला. तड तड, फट फट, आणि मधूनच झाऱ्याचा खरखराट. रेश्मा उठून उभी राहिली. "आबा, चला. चिरमुऱ्याची भट्टी हाय मागं."

भट्टी फिरदोसभाभींची होती. सांगलीचं भडंग तुम्ही खाल्लं असेलच, त्याचे चिरमुरे अशा भट्टीवर फुटतात. मोठ्या कढईत तापलेली वाळू होती आणि भाभी तिच्यात तांदळाचा दाणा टाकत होत्या. दाण्याच्या पोटात थोडंसं पाणी असतं. वाळूच्या धगीने त्या पाण्याचे रेणू बेभान होतात, त्यांची वाफ होते, ती दाण्याला आतून रेटते आणि दाणा उडी मारून फुलतो. कणांची जी पळापळ एरवी कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, तिचा परिणाम इथे कढईत टणाटण उड्या मारत होता. माझी तर नजर हटेना.

भाभींनी आम्हाला पाहिलं आणि हसल्या. "ह्ये काय आबा, हलगी भाजाय आणली व्हय?"

"शेकाय आणली, बाई. टेजवर जायाचं हाय."

"मग धरा की. पण लांबनं धरा. चटका बसला तर मला बोल लावू नका."

इथे कोरडी धग होती, वाफ नव्हती. आबांनी मला हातभर अंतरावर धरलं आणि सावकाश फिरवू लागले. शिवतेज घाई करत होता, "आबा, अजून जवळ धरा," म्हणत होता. आबांनी ऐकलं नाही. फार घाईने वाळवलं तर कातडं फाटतं, हे त्यांनाही मिरजेतच कळलं होतं. माझ्या अंगातले पाहुणे चुळबुळू लागले. पहिला उडाला, मग दुसरा, मग झुंडीच्या झुंडी. आबा टिचकी मारत राहिले. भद्द. मग धब्ब. मग एकदम ठण्ण. आबांनी डोळे मिटले आणि पुन्हा एकदा टिचकी मारली, नुसती ऐकायला.

"आता हिला भाईर न्हेली की दारातच गार व्हईल, बगा," भाभी म्हणाल्या. खरंच होतं ते. बाहेर हवा ओलीचिंब होती.

रेश्माची नजर कोपऱ्यातल्या ताज्या चिरमुऱ्यांच्या ढिगावर गेली. "भाभी, एक पोतं द्याल? चिरमुरं गरम हायती न् कोरडीबी. हवंतलं पाणी तीच वढून घेतील."

"न् मऊ पडल्यावर मी भडंग कशाचं करू?" भाभींनी कमरेवर हात ठेवले. मग आबांच्या तोंडाकडे बघून त्यांनी स्वतःच पोतं उघडलं. "घिऊन जावा. पण हिथपत्तूर आवाज आला पायजे. न्हाई आला तर पोतं भरून द्यायचं."

अशी मी चिरमुऱ्यांच्या पोत्यात बसले. खाली चिरमुरे, वर चिरमुरे, बाहेरून प्लॅस्टिकचा कागद. इतकी उबदार आणि कुरकुरीत जागा मला पुन्हा कधी मिळाली नाही.

आमचं नाव पुकारलं गेलं. आबा फेटा बांधून, खांद्यावर पोतं टाकून स्टेजवर चढले. लोकांना वाटलं, कुणी विक्रेता चुकून वर आला. आबांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि मला बाहेर ओढलं, तसे ओंजळभर चिरमुरे गालिच्यावर सांडले. सभागृहात हशा पिकला. आबांनी मला खांद्याला अडकवलं. माझ्या कडेला, कातड्याच्या टोकाला काही चिरमुरे अजून बिलगून होते. पहिली थाप पडली आणि ते सगळे एकदम हवेत उडाले. पुढच्या रांगेतली मुलं टाळ्या पिटू लागली. मागे रेश्मा एकटीच हसत नव्हती. ती उडणाऱ्या चिरमुऱ्यांकडे टक लावून बघत होती.

मग आबांनी मला बोलू दिलं. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं मी बोलले. मागे चार फायबर हलग्या लयीत मिसळल्या, त्यांनीही मन लावून साथ दिली. निम्म्यावर आल्यावर मला जाणवलं, माझी ऊब ओसरत होती. स्टेजमागच्या उघड्या दारातून ओली हवा आत येत होती. आवाज किंचित उतरला. शिवतेजने चटकन मान वर केली. आबा गडबडले नाहीत. त्यांनी थाप मधून काढून कडेकडे नेली, जिथे माझा सूर मुळातच चढा असतो, आणि लय वाढवली. शिवतेजने ते ओळखलं आणि बाकीच्या तिघांना घेऊन त्यांच्या मागोमाग निघाला. शेवटच्या ठोक्यापर्यंत मी आबांचा हात सोडला नाही.

आमचा नंबर दुसरा आला. पहिला नंबर आला असता तर तोही मी नाकारला नसता. पण बाहेर आलो तेव्हा बोळाच्या तोंडाशी फिरदोसभाभी उभ्या होत्या, हातात अजून झारा होता. "आलं ऐकू," त्या एवढंच म्हणाल्या आणि परत भट्टीकडे गेल्या. मला तोच पहिला नंबर वाटला.

परतीच्या गाडीत शिवतेजने मला मांडीवर घेतलं होतं. कुंडलचा फाटा जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "आबा, ही तापवायची कशी, मला एकदा दावा की."

"एकदा दावून यायचं न्हाई," आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "दर ऐतवारी याय लागंल."

"येतो," शिवतेज म्हणाला.

आता दर रविवारी सकाळी पाचटाची शेकोटी पेटते आणि दोघं तिच्याशेजारी बसतात. शिवतेजची टिचकी अजून फार जोरात असते, पण कान बसत चालला आहे.

आणि एरवी? एरवी माझी बदली झाली आहे, मित्रांनो, चक्क शाळेत. त्या दिवशी रेश्मा काय बघत होती, ते मला नंतर कळलं. तिने वर्गात मला टेबलावर आडवी ठेवली आणि माझ्या कातड्यावर मूठभर चिरमुरे पसरले. आबांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांनी बोटाने हलकेच थाप दिली, चिरमुरे जागच्या जागी थरथरले. रेश्मा म्हणाली, असा असतो घन पदार्थ. आबांनी थोडा जोर केला, चिरमुरे एकमेकांवरून घरंगळू लागले. हा द्रव. मग आबांनी टिपरू उचललं आणि एकच दणका दिला. चिरमुरे वर्गभर उडाले, काही मुलांच्या केसांत अडकले. हा वायू, असं सांगण्याची गरजच राहिली नाही. खरे कण या चिरमुऱ्यांहून कितीतरी लहान असतात, आणि त्यांना थाप मारायला कुणी आबा नसतात, हेही तिने बजावून सांगितलं. पण मुलांना कण पहिल्यांदाच दिसल्यासारखे झाले होते.

तास संपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. अर्फा तिचं नाव. तिने माझ्या कातड्याला कान लावला. "आबा, थांबली ही," ती म्हणाली. "मगाचं ते सगळं हालणं कुठं गेलं?"

आबांनी रेश्माकडे बघितलं. रेश्मा म्हणाली, "कुठं जात न्हाई गं. थोडं आवाज होऊन हवेत गेलं, भिंतींना लागलं, आपल्याला लागलं. थोडं हिच्यातच राहिलं. कवायत मोडली, न् त्याची ऊब झाली. हाताला कळणार न्हाई इतकी थोडी."

आबांनी अर्फाचा हात धरून माझ्यावर टेकवला. ती कितीतरी वेळ हात काढायला तयार नव्हती.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या घरात, आजोबांच्या खोलीत, माळ्यावर, खुंटीला एखादं जुनं वाद्य गप्प बसलं असेल. त्याला ओल लागू देऊ नका, अधूनमधून कोरडी ऊब द्या आणि घाई करू नका. आणि ज्या हाताला ते वाजवता येतं, तो हात अजून घरात असेल, तर आजच त्याच्याशेजारी जाऊन बसा. आबांच्या आजवरच्या सगळ्या थापा ऊब होऊन कुठे कुठे पसरल्या आहेत, कुंडलच्या मैदानावर, शिराळ्याच्या रस्त्यांवर, त्या सभागृहाच्या गालिच्यात. त्यातली थोडी आता शिवतेजच्या हातात आली आहे.